विमा नको, मग गोल्ड लोन चालते?

मीरा रोडच्या नया नगरात चहाच्या टपरीपासून मशिदीच्या वजूखान्यापर्यंत गेल्या काही वर्षांत एक प्रश्न सतत कानावर पडतो. मेडिक्लेम काढावा की नाही? प्रश्न विचारणारा बहुतेक वेळा उत्तरही स्वतःच देतो. वर्षाला पंधरा-वीस हजार भरायचे, आजारी पडलो नाही तर पैसे गेले, आणि वर मौलाना म्हणतात हे जायज नाही. ही कारणे एकत्र आली की निर्णय आपोआप होतो. राहू दे, अल्लाह मालिक है.

मला या ‘राहू दे’विषयी बोलायचे आहे. विमा घेणे हा निर्णय आहे हे सर्वांना कळते. विमा न घेणे हाही निर्णयच आहे आणि त्याचीही किंमत असते, हे मात्र आपण मोजत नाही.

परवा माझ्या भाच्याने फोनवर विचारले, “मामू, मेडिक्लेमचा फॉर्म भरलाय, पण अम्मी म्हणते गुनाह होईल. काय करू?” मी विचारले, “बेटा, खुदा न करे, उद्या तुझ्या अब्बूंना अटॅक आला तर तीन लाख कुठून आणशील?” तो म्हणाला, “अम्मीचं सोनं आहे ना.” विकणार का? “नाही मामू, विकायचं कशाला, गहाण ठेवू.” म्हणजे गोल्ड लोन. म्हणजे व्याज. ज्या सूदच्या भीतीने विमा टाळायचा, तोच सूद दवाखान्याच्या दारात उभे राहून, हतबल अवस्थेत, कंपनी सांगेल त्या दराने भरायचा. भाचा गप्प झाला. त्याची अम्मी म्हणजे माझी बहीण धार्मिक आहे, विचारी आहे. पण हा हिशोब तिच्यासमोर कुणी मांडलाच नव्हता.

आपल्या मोहल्ल्यात विम्याविना राहणाऱ्या घराचे काय होते, ते आपण सगळे पाहतो. आधी दागिने जातात. मग भावाकडून, साडूकडून उसने. मग व्हॉट्सअ‍ॅपवर दवाखान्याच्या बिलाचा फोटो आणि खाली गुगल पेचा नंबर. मग जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायरीवर चादर. ही मदत करणाऱ्यांना अल्लाह त्याचा बदला देवो. आपल्या जमातीत अजून ही माणुसकी शिल्लक आहे. पण चादरीत पडणारी रक्कम आजाराच्या गरजेवर ठरत नाही. त्या कुटुंबाची ओळख किती, त्या आठवड्यात आणखी किती बिले फिरत आहेत, रमजान आहे की नाही, यावर ती ठरते. आणि ज्याने आयुष्यभर कुणापुढे हात पसरला नाही, त्याला आपल्या आजाराचे कागद अनोळखी लोकांना दाखवावे लागतात. सवाल करण्यापासून स्वतःला वाचवावे, ही आपल्या दीनची शिकवण आहे. ती विम्याच्या चर्चेत कुणी काढत नाही.

मीरा-भाईंदरमध्ये हा प्रश्न जास्त टोकदार आहे, त्याला कारणे आहेत. हे शहर वेगाने वाढले. १९८५ साली नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांवर गेली होती. डोंगरी, भेंडीबाजार, माहीमच्या खोल्या विकून लोक इथे आले. १९९२-९३च्या दंगलीनंतर तर कित्येक कुटुंबे सुरक्षित घराच्या शोधात आली. कोकणातले आले, उत्तर प्रदेशातले आले. घर झाले, पण मुंबईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांची सावली दहिसर चेकनाक्याच्या पलीकडेच राहिली. भाईंदर पश्चिमेला टेंभा रुग्णालय, म्हणजे पंडित भीमसेन जोशी रुग्णालय आहे. पण मोठा आजार निघाला की आजही आपल्याकडचा माणूस कांदिवलीची शताब्दी, नायर नाही तर परळचे केईएम असा प्रवास सुरू करतो. तेवढा वेळ नसेल तर जवळचे खासगी रुग्णालय, आणि तिथे दाखल होण्याआधी अनामत रक्कम.

दुसरे कारण आपल्या रोजगारात आहे. सच्चर समितीने २००६ साली दाखवून दिले होते की मुस्लिमांमध्ये स्वयंरोजगार करणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. रिक्षा, टेलरिंग, जरी, बेकरी, मोबाइल दुरुस्ती, फर्निचर. नोकरीत २१ हजारांपर्यंत पगार असलेल्याला ईएसआयसी मिळते, त्यात कामगाराचा वाटा फक्त ०.७५ टक्के. मोठ्या कंपनीत ग्रुप इन्शुरन्स मिळतो. आखातात गेलेल्या पोरांना मालकाकडून विमा मिळतो. सौदी अरेबियात तर १९९९च्या कायद्याने सहकारी आरोग्य विमा आणला. रियाधला असताना जो मुलगा विम्याचे कार्ड दाखवून उपचार घेतो, तोच मीरा रोडला परतून स्वतःचे दुकान टाकतो तेव्हा त्याच्यामागे काहीच उरत नाही. आपल्याकडच्या रिक्षाचा थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा, म्हणून तो न चुकता भरला जातो. रिक्षावाल्याचा विमा मात्र नसतो.

आता शरियतच्या मुद्द्याकडे येतो. मी मुफ्ती नाही, फतवा देण्याचा माझा अधिकार नाही. पण उलेमांमध्ये काय चर्चा झाली, ती वाचायला कुणाची मनाई नाही. विम्यावर तीन आक्षेप घेतले जातात. एक रिबा, म्हणजे कंपनी हप्त्याचा पैसा व्याजाच्या रोख्यांत गुंतवते. दुसरा गरर, म्हणजे सौद्यातली अनिश्चितता. पैसे भरले, पण बदल्यात काही मिळेल की नाही ठाऊक नाही. तिसरा किमार, म्हणजे जुगाराशी साम्य. आक्षेप पोकळ नाहीत. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामिक फिकह अकॅडमीने १९८५ साली व्यापारी विमा नाकारला. पण त्याच ठरावात सहकारी तत्त्वावरचा विमा मान्य केला, हे आपल्याकडे सांगितले जात नाही. आणि सीरियाचे मोठे फकीह मुस्तफा अल-झरका यांनी तर विम्याचा करारच मुळात जायज असल्याची बाजू आयुष्यभर मांडली. म्हणजे या प्रश्नावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. दारू किंवा डुक्कर यांच्यासारखा तो एकमताचा विषय नाही.

भारतातल्या उलेमांनीही परिस्थितीकडे डोळेझाक केलेली नाही. इस्लामिक फिकह अकॅडमी ऑफ इंडियाने १९९२ साली दंगलींची भीती लक्षात घेऊन जान-मालाच्या विम्याला सवलत दिली होती. त्यानंतर काही आठवड्यांतच मुंबई पेटली. आरोग्य विम्याबाबत बहुसंख्य भारतीय मुफ्ती आजही मनाईचीच बाजू घेतात, हे मी लपवत नाही. माझा आदरपूर्वक प्रश्न इतकाच आहे: दुकान जळण्याची भीती ही हाजत ठरत असेल, तर बायपासविना बाप गमावण्याची भीती हाजत का ठरू नये? एका अँजिओप्लास्टीत घर कर्जात बुडते, हा आजच्या मध्यमवर्गीयाचा रोजचा अनुभव आहे. मुफ्तीसाहेबांना प्रश्न विचारताना आपण फक्त ‘विमा जायज आहे का?’ असे विचारतो. ‘माझ्याकडे विमा नसेल तर मला व्याजाचे कर्ज काढावे लागेल, अशा वेळी काय करू?’ असा पूर्ण प्रश्न विचारून पाहा.

तवक्कुलचा मुद्दाही इथेच निकाली काढू. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला नबी करीम सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी आधी उंट बांधायला सांगितले, ही हदीस आपल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. अम्वासच्या साथीच्या वेळी हजरत उमर रजियल्लाहु अन्हु मागे फिरले, तेव्हा त्यांनी हेच समजावले की अल्लाहच्या एका तकदीरकडून आपण दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. खबरदारी घेणे म्हणजे भरवसा कमी असणे, असे दीन सांगत नाही.

आणि इथे एक गोष्ट आहे जी ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. ज्या विम्याला हप्ताच नाही, त्याचे काय?

महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात मुंबई होती, ठाणे नव्हते. म्हणजे दहिसरच्या गरिबाला ती मिळत होती आणि रेल्वेने एक स्टेशन पुढे राहणाऱ्या मीरा रोडच्या गरिबाला नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली. २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २०१८ साली केंद्राची आयुष्मान भारत आली आणि पुढे दोन्ही योजना जोडल्या गेल्या. सुरुवातीला पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डापुरती असलेली ही योजना २०२३च्या निर्णयाने पांढऱ्या कार्डासह राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी खुली झाली. दीड लाखाचे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांवर गेले. अँजिओप्लास्टी, बायपास, डायलिसिस, केमोथेरपी यांसारखे मोठे उपचार तिच्यात आहेत. लाभ घेणाऱ्याच्या खिशातून एक पैसा हप्ता जात नाही. तो भार सरकार उचलते.

आता आक्षेप तपासू. तुम्ही काही विकत घेतले नाही, करार केला नाही, पैसा गुंतवला नाही. मग तुमचा जुगार कुठला आणि तुमचा गरर कुठला? शासनाने नागरिकाला दिलेली ही मदत आहे आणि तिच्यात आपल्या करांचाही वाटा आहे. साबणापासून सिमेंटपर्यंत आपण जीएसटी भरतो. तरीही आपल्याकडे लोक ‘इन्शुरन्सवाली स्कीम’ म्हणून या कार्डापासून लांब राहतात, किंवा ‘आपल्याला कोण देणार’ असे म्हणून. धार्मिक कारण आणि न्यूनगंड दोन्ही मिळून फुकट मिळणारे संरक्षण नाकारतात. मला याचे सर्वात जास्त वाईट वाटते.

या योजनेत त्रुटी आहेत. ओपीडीचा खर्च, रोजची औषधे, साधा ताप यांत ती कामाला येत नाही. ठरावीक यादीतले उपचारच होतात, त्यातले काही फक्त सरकारी रुग्णालयांत. सगळी खासगी रुग्णालये योजनेत नाहीत. आणि कागदपत्रांचा घोळ हा तर आपला खास विषय. रेशनकार्ड अजून डोंगरीच्या जुन्या पत्त्यावर. सुनेचे नाव माहेरच्या कार्डात. आधारवर ‘शेख’, शाळेच्या दाखल्यावर ‘शैख’. हा घोळ आयसीयूच्या बाहेर बसून सुटत नाही. तो आज, सगळे तब्येतीने ठीक असताना सोडवायचा असतो. आणि रुग्ण दाखल करताना आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठायचे, रोख पैसे भरून नंतर नाही. रुग्णालय योजनेत आहे का, हे १५५३८८ या क्रमांकावर विचारता येते. उत्तर प्रदेश, बिहारमधल्या ज्या कुटुंबांकडे तिकडचे आयुष्मान कार्ड आहे, त्यांना ते इथल्या संलग्न रुग्णालयातही चालते. आणि ७० वर्षांवरील प्रत्येक ज्येष्ठाला ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मानचे संरक्षण मिळाले आहे. आपल्या घरातल्या दादी-नानीचे कार्ड काढले आहे का, एवढे तरी आज विचारा.

शिवाय धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. तो हक्कही मागायला शिकले पाहिजे.

मग सरकारी कार्ड असताना खासगी पॉलिसी हवी का? इथे सगळ्यांना एकच उत्तर देणे चुकीचे ठरेल. ज्याच्या घरात महिन्याचे भाडे आणि शाळेची फी भागवताना ओढाताण होते, त्याने मुलांची फी तोडून हप्ता भरू नये. त्याने कार्ड काढावे, कागद नीट करावेत आणि जमेल तेवढी रोख रक्कम आजारपणासाठी बाजूला ठेवावी. पण ज्याचे स्वतःचे दुकान आहे, ज्याच्या घरी स्कूटर, एसी आणि वर्षातून एक लग्नाचा मोठा खर्च आहे, त्याने पैसे नाहीत हे कारण सांगू नये. तिशीतले नवरा-बायको आणि दोन मुले यांच्या पाच लाखांच्या पॉलिसीला वर्षाला १८ हजार लागतात असे धरले, तर दिवसाला ५० रुपये होतात. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही उठला आहे. जुन्या करप्रणालीत विवरणपत्र भरणाऱ्याला ८०ड कलमाखाली २५ हजारांपर्यंत वजावट मिळते. सरकारने दिलेली ही सवलत न घेण्यात कसली बचत?

“पैसे फुकट जातात” हा आक्षेप मला सर्वात कमकुवत वाटतो. वर्षभर आजारी पडलो नाही, तर आपला हप्ता कुणाच्या तरी ऑपरेशनला लागला. चादरीत टाकलेल्या शंभर रुपयांबद्दल आपण ‘फुकट गेले’ असे म्हणतो का? मात्र दुसरा आक्षेप, की कंपन्या वेळेला पैसे देत नाहीत, त्यात तथ्य आहे. त्यावर उपाय कागद वाचण्यातच आहे. मधुमेह, रक्तदाब लपवून पॉलिसी घेऊ नका. लपवणे हे खोटे बोलणेही आहे आणि क्लेम बुडवण्याचे सोपे कारणही. आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षेचा काळ आता जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता येतो. सलग पाच वर्षे पॉलिसी चालू राहिली की माहिती दडवली, असे सांगून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच. खोलीच्या भाड्याची मर्यादा आणि कोपे किती, हे एजंटच्या तोंडून नाही, पॉलिसीच्या कागदावर पाहा. क्लेम अन्यायाने नाकारला तर विमा लोकपालाकडे दाद मागायला पैसे लागत नाहीत. आणि हे सगळे तिशीत केले तर सोपे, पन्नाशीत साखर वाढल्यावर अवघड.

ज्यांचे मन तरीही व्यापारी विम्याला राजी होत नाही, त्यांच्या भावनेचा मी आदर करतो. पण त्यांच्यावर एक जबाबदारी येते. पर्याय उभा करण्याची. अशअरी लोकांची गोष्ट आपण ऐकलेली आहे: अन्न कमी पडले की ते सगळे जवळचे एका कापडावर जमा करत आणि सारखे वाटून घेत. नबी करीम यांनी त्यांची तारीफ केली. तकाफुलचा पाया हाच. मलेशियाने १९८४ साली त्याचा कायदा केला. आपल्याकडे विमा कंपनी काढायला शंभर कोटींचे भांडवल लागते, त्यामुळे मोहल्ल्याची तकाफुल कंपनी निघणार नाही. पण परस्पर मदतीचा निधी निघू शकतो. पुण्यात मेधा पुरव-सामंत यांच्या अन्नपूर्णा परिवाराने भाजीवाल्या, घरकाम करणाऱ्या बायकांचा असा आरोग्य निधी चालवून दाखवला. कर्नाटकात २००३ साली यशस्विनी योजना शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांमधून महिना पाच रुपयांत सुरू झाली. तिथे कुणी तकाफुल हा शब्दही उच्चारला नव्हता, पण काम त्याच वळणाचे होते. मुस्लिमेतर बायका हे करू शकतात, तर कोट्यवधींच्या मशिदी बांधणारी आपली जमात का नाही?

निधी उभा राहायला वर्षे लागतील. तोवर मशिदींच्या कमिट्यांना माझी एक साधी मागणी आहे. महिन्यातून एका जुम्म्याला नमाजनंतर चादरीच्या शेजारी एक टेबल लावा. तिथे एक लॅपटॉप, मोहल्ल्यातली दोन शिकलेली पोरे, आणि रेशनकार्ड-आधार दुरुस्तीपासून आयुष्मान कार्डापर्यंतचे काम. खुत्ब्याआधीच्या बयानात इमामसाहेबांनी पाच मिनिटे सांगावे की हे कार्ड काढण्यात काही गैर नाही. नया नगरातल्या एका मशिदीने जरी वर्षभर हे केले, तरी शेकडो घरे कागदाच्या घोळातून सुटतील, आणि पुढच्या आजाराला त्या घरांतल्या बायकांना आपले दागिने घेऊन गोल्ड लोनच्या काउंटरवर जावे लागणार नाही.